काडीचा पुरावा

धाकटीला परीक्षक करा, असं थोरलीनंच सुचवलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयच उरली नाही.

थोरली शाळेत इतिहास शिकवायची. गावातली एक प्रकाशनसंस्था दरवर्षी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची स्पर्धा घ्यायची, आणि तिथे ती बऱ्याच वर्षांपासून परीक्षक होती. हस्तलिखितं लेखकाच्या नावाशिवाय यायची. काळ बग्ग्यांचा आणि तलवारींचा, आणि गोष्ट बहुतेक एकच: तो मोठ्या घरचा तर ती धोबिणीची मुलगी, नाहीतर ती जहागीरदाराची लेक आणि तो तिच्या घोड्याला खरारा करणारा. थोरली हे सगळं पेन्सिल हातात घेऊन वाचायची. गरीब नायिकेच्या हाताला घट्टे नसले की दोन गुण कमी. नायक शेवटच्या प्रकरणात कुणाचातरी हरवलेला वारस निघाला की पाच गुण कमी. "वारसच निघायचा होता तर इतकी पानं रडवलंत कशाला?" असं ती समासात लिहायची, आणि प्रकाशनाच्या संपादकबाई ते वाचून खो खो हसायच्या.

दुसरे परीक्षक होते जजसाहेब. खऱ्या कोर्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर ते प्रेमकादंबऱ्या वाचायला लागले होते आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. बैठकीत मात्र ते जुन्या सवयीनं बोलायचे. "नायकानं पहिल्याच भेटीत लग्नाचं वचन दिलं, याला साक्षीदार कोण?"

त्या वर्षी संपादकबाई म्हणाल्या, "तिसरा परीक्षक हवाय. सामान्य वाचक. आपण तिघंही जरा फारच शहाणे आहोत. कुणी आहे का डोळ्यांसमोर?"

"माझी धाकटी जाऊ आहे," थोरली म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात काम करते. वाचते बिचारी, हाताला लागेल ते."

मनात तिनं एवढाच विचार केला होता की धाकटी आपल्या हो ला हो करेल, आणि जजसाहेबांशी वाद झालाच तर एक मत हातचं राहील.

धाकटीचं या घरात येणं हीच एक कादंबरी होती. सासऱ्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं, दारात गाडी होती, आणि गाडी चालवायला ड्रायव्हरकाका होते. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. त्यांच्या मुलीवर घरच्या धाकट्या मुलाचा जीव जडला. थोरली तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेली. भाऊजींनी पहिल्यांदा तिलाच सांगितलं. मग ती दोघं गच्चीवर भेटायची आणि थोरली जिन्यात धुण्याची बादली घेऊन उभी राहायची, कुणी आलं तर मोठ्यानं खोकायला. खोकून खोकून तिला खरोखरच खोकला झाला होता, असं ती पुढे हसत सांगायची. लग्न झालं. सासरे शेवटपर्यंत धाकटीशी सरळ बोलले नाहीत. बोलायचंच झालं तर भिंतीकडे बघून बोलायचे. "चहा झाला असेल तर द्यावा म्हणावं." भिंतीला चहा मागायचे आणि धाकटी आणून द्यायची. आता सासरेही नव्हते. खालच्या मजल्यावर धाकटीचा संसार, वर थोरलीचा.

थोरलीचा नवरा ऑडिटर होता. स्थळ सांगून आलेलं, दोन्ही घरं तोलामोलाची, बघण्याचा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपलेला. माणूस सज्जन. आवाज चढवायचा नाही, चपला जागेवर काढायचा. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि तेच कधीकधी थोरलीला खुपायचं.

हस्तलिखितांचे गठ्ठे आले तशी धाकटी वर आली. "वहिनी, मला नाही हो जमणार. गुण कसे द्यायचे?"

"वाच आणि जे वाटेल ते लिही. अडलं तर मला विचार."

पण तिला काही अडलंच नाही. उलट आठवडाभरात संपादकबाई थोरलीला फोनवर म्हणाल्या, "अहो, काय माणूस दिलात तुम्ही! काल त्यांच्याशी तासभर बोलत होते. एका कादंबरीतला नायक सारखा नायिकेच्या डोळ्यांत बघतो, तर त्या म्हणतात, इतक्या जवळून बघितलं की समोरचं धूसरच दिसतं, म्हणून तर त्याला तिचा स्वभाव कळत नाही!"

थोरली म्हणाली, "हो, गमतीचं बोलते ती." आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की संपादकबाई आपल्याशी कधी तासभर बोललेल्या नाहीत.

खरं पोटात दुखायला लागलं ते मात्र स्वयंपाकघरात. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकावर एक होत्या. संध्याकाळी खालून भाऊजींचा आवाज यायला लागला. धाकटी कणीक मळायची आणि भाऊजी तिला हस्तलिखित वाचून दाखवायचे. बाईचं बोलणं आलं की आवाज बारीक करायचे, जहागीरदार आला की घसा खरवडून जाड करायचे. मध्येच धाकटी म्हणायची, "थांबा थांबा, ते परत वाचा." की ते परत वाचायचे. एकदा चुंबनाचा प्रसंग आला तेव्हा वाचणं मध्येच थांबलं आणि बराच वेळ सुरू झालं नाही. वर थोरली गॅस बारीक करून उभी होती. तिच्या भांड्यातलं पाणी आटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्यापुढे एक गठ्ठा ठेवला. "अहो, मला जरा वाचून दाखवता का? डोळे दुखताहेत."

त्यानं चष्मा पुसला, खुर्ची दिव्याजवळ ओढली आणि सरकारी पत्रक वाचावं तसं वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर थांबला.

"अगं, हा माणूस मागच्या पानावर डावखुरा होता. इथे उजव्या हातानं चाबूक मारतोय."

"मारू दे. पुढे वाचा."

"पण चूक आहे ना." त्यानं मागचं पान काढून दाखवलं. चूक होतीच. थोरलीनं गठ्ठा परत घेतला. डोळे बरे वाटताहेत म्हणाली.

त्या वर्षीच्या हस्तलिखितांत एक होतं 'तबेल्याची वाट'. मोठ्या वाड्याच्या मालकाचा धाकटा मुलगा आणि बग्गीवाल्याची मुलगी यांची गोष्ट. थोरलीनं वाचायला घेतलं आणि थोड्याच वेळात पेन्सिल खाली ठेवली. यातली मुलगी कुणाची हरवलेली राजकन्या निघत नव्हती. बग्गीवाल्याची होती, तशीच राहत होती. लग्नानंतर जेवताना मेजाशी कुठे बसायचं ते तिला कळत नाही, म्हणून ती पोट दुखतंय सांगून उपाशी राहते, असा एक प्रसंग होता. तो वाचून थोरली कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आणि मग तबेल्यातला प्रसंग. मिट्ट अंधार. मुलगा काडेपेटीतली एक काडी ओढतो, तिचा चेहरा दिसतो, आणि त्याला जे बोलायचं असतं ते काडी विझल्यावर, अंधारात, तो बोलतो. बाहेर थंडीत त्याची मोठी भावजय शाल लपेटून राखण करत उभी असते.

थोरलीनं या कादंबरीला इतके गुण दिले, जितके तिनं आजवर कुणाला दिले नव्हते. मग खोडरबरानं पुसले. उद्या देऊ म्हणाली. द्यायला बसली की तिला सारखं खालच्या खिडकीतलं वाचन ऐकू यायचं.

बैठक प्रकाशनाच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत होती. कपाटांत पुस्तकं, टेबलावर पुस्तकं, बसायच्या खुर्चीवरही पुस्तकं. ती उचलून खाली ठेवल्याशिवाय बसता यायचं नाही. दोन हस्तलिखितं शेवटपर्यंत आली. 'तबेल्याची वाट' आणि 'सोनेरी लगाम'. दुसरीत नायक अर्थातच हरवलेला वारस होता.

जजसाहेब म्हणाले, "माझा कौल 'तबेल्याची वाट'. पुरावा भक्कम आहे. आता तुम्ही बोला, धाकट्या बाई."

धाकटी आधी लाजली. मग बोलायला लागली आणि बोलतच गेली. ती उपाशी राहणारी मुलगी, ती मेजाची भीती, सगळं. जजसाहेब हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. संपादकबाईंनी टिपून घ्यायला वही ओढली. थोरलीच्या समासातल्या शेऱ्यांवर त्या हसायच्या, पण टिपून असं त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

"आणि मला सगळ्यात कोण आवडलं सांगू?" धाकटी वळून थोरलीकडे बघत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ती बाहेर उभी असते ना, मोठी भावजय. ती म्हणजे अगदी आमच्या वहिनी! आमच्या वेळी ह्या अशाच जिन्यात उभ्या राहायच्या. ह्या नसत्या तर आमचं काही झालं नसतं."

"असं होय!" जजसाहेब खूश होऊन म्हणाले. "म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आपल्यातच आहेत!"

सगळे थोरलीकडे बघून हसले. मायेनंच हसले. थोरलीही हसली. पण कुणीतरी तोंडात मारावी तसं तिला झालं. आयुष्यभर इतक्या कादंबऱ्या वाचल्या, आणि आपल्याला त्यांत जागा मिळाली ती कुठे, तर दाराबाहेर. दुसऱ्यांच्या गोष्टीची राखण करायला. त्या भावजयीला त्या प्रसंगानंतर पुस्तकभर एक वाक्यसुद्धा नव्हतं. हे तिनं तेव्हाच बघून ठेवलं होतं.

"चांगली आहे कादंबरी," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात निघायचा तसा निघाला. "पण एक अडचण आहे. ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात काडेपेटी नव्हतीच."

काळाची ढोबळ चूक असली की हस्तलिखित बाद, असा स्पर्धेचा नियम होता. आणि काडी काढून घेतली तर त्या कादंबरीचं काळीजच निघत होतं.

"तुमची खात्री आहे?" जजसाहेबांनी विचारलं.

"सातवीला दरवर्षी शिकवते मी. शोध आणि त्यांचा काळ."

शिकवायची हे खरंच होतं. आणि त्याच धड्याप्रमाणे त्या कथेच्या कितीतरी आधी काडेपेटी घरोघर पोचली होती, हेही तिला पाठ होतं.

संपादकबाईंनी कपाटातले ग्रंथ बघायची तसदी घेतली नाही. थोरली सांगते आहे म्हटल्यावर गरजच काय? जजसाहेब थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. "तज्ज्ञ साक्षीदारापुढे आमचं काय चालणार," ते म्हणाले, पण त्यांना ते जड जात होतं. ते धाकटीकडे वळले. "तुमचं काय मत?"

धाकटीचा चेहरा उतरला होता. तरी हस्तलिखित बाद करायला पहिला हात तिनंच वर केला. "वहिनी म्हणताहेत म्हणजे तसंच असणार."

'सोनेरी लगाम' पहिलं आलं. हरवलेल्या वारसासकट.

परत येताना बसमध्ये धाकटी म्हणाली, "वाईट वाटलं हो. पण बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर छापून आल्यावर लोक हसले असते." थोरलीनं खिडकीबाहेर बघितलं. जिंकल्याचं सुख म्हणून जे काही असतं ते तिला दुसऱ्या थांब्यापर्यंतही पुरलं नाही.

त्या दिवसापासून खालचं वाचन बंद झालं. थोरलीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. त्याऐवजी ती संध्याकाळी खिडकीशी जाऊन कान द्यायला लागली.

रविवारी सकाळी नवरा पंखा पुसत होता. तो स्टुलावर, आणि थोरलीनं खाली स्टूल धरलेलं. एकेक पातं तो दोन्ही बाजूंनी पुसत होता, आणि धुळीची पुटं जमिनीवर पडत होती.

"तुझं काहीतरी बिनसलंय," तो वरूनच म्हणाला.

"काही नाही."

"बरं." त्यानं फडकं उलटं केलं. "पुस्तकं संपली म्हणून असेल. मला तर बरंच वाटलं संपली ते."

"का?"

तो पात्याकडे बघतच बोलत राहिला. "मला त्या घोडेवाल्यांचा राग येतो."

"कुठल्या घोडेवाल्यांचा?"

"तुझ्या पुस्तकांतल्या. वाचताना तू वेगळंच हसतेस. ओठ मिटून. ते हसू मी घरात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. एकदा तू उठून गेल्यावर जाऊन बघितलं, कुठल्या पानावर हसलीस ते. एक माणूस घोड्याला खरारा करत होता. बाकी काही नाही. मी ते पान तीनदा वाचलं. म्हटलं, ह्यात आहे काय?"

थोरलीचा स्टुलावरचा हात सैल झाला. स्टूल हललं तसा त्यानं पंख्याच्या दांडीला हात घातला.

"अगं, धर ना!"

"तुम्ही त्याच्यावर जळता? कागदावरच्या माणसावर?"

"कागदावरचा असला म्हणून काय झालं. राहतो तर आपल्याच घरात."

थोरलीला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. हा माणूस कुणाचा हेवा करत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हेवा करायला आपल्यात दुसऱ्या कुणाला काही दिसत असेल, हेही नव्हतं. मग त्याच रडण्याच्या भरात तिनं सगळं सांगून टाकलं. खालची खिडकी, भाऊजींचा आवाज, जिन्यातली बादली, काडेपेटी.

तो खाली उतरला. फडकं झटकून बादलीत टाकलं. भाऊजींच्या वाचनाविषयी त्यानं चकार शब्द काढला नाही. फक्त कान लाल झाले.

"निकाल जाहीर झालाय?"

"नाही अजून."

"मग कळव."

"काय तोंडानं कळवू?"

"आहे त्याच," तो म्हणाला आणि उरलेलं पातं पुसायला परत वर चढला.

सोमवारी तिनं शाळेतूनच फोन केला. मधल्या सुट्टीचा गोंगाट चालला होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागलं. "काडेपेटी होती. मला माहीत होतं. मी मुद्दाम खोटं बोलले."

पलीकडे संपादकबाई म्हणाल्या, "का, ते विचारू का?"

"नका विचारू."

"बरं. बाकीच्या दोघांना सांगावं लागेल मला."

"सांगा."

जजसाहेबांनी निरोप धाडला नाही, फोनही केला नाही. पुढे कधी रस्त्यात दिसले तर मान हलवायचे, पण थांबायचे नाहीत. खोट्या साक्षीचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता. 'तबेल्याची वाट'ला बक्षीस मिळालं, आणि पुढच्या वर्षी थोरलीकडे गठ्ठे आले नाहीत. खाली आले.

धाकटी मात्र त्याच सोमवारी संध्याकाळी जिन्यात भेटली. ती वर येत होती की नुसतीच उभी होती, कळलं नाही.

"माझं काही चुकलं होतं का, वहिनी?"

"नाही गं."

"मग?"

थोरलीनं कठडा धरला. "मला तुझा हेवा वाटला."

धाकटीला ते खरं वाटेना. "माझा? मला ह्या घरात भिंतीकडे बघून चहा मागायचे, वहिनी. तुम्ही बघितलंय."

"बघितलंय. तरीपण वाटला."

धाकटीनं पायरीकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात म्हणून मी हात वर केला होता," ती म्हणाली. "पहिला हात माझा होता. ते मला लागलं." आणि ती खाली गेली. भांडण झालं नाही. वाटीची देवाणघेवाण चालू राहिली, आजारपणात येणंजाणं राहिलं. पण पुढे कितीतरी महिने धाकटी काही सांगायला आली की आधी क्षणभर थोरलीच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि मग ठरवायची, सांगायचं की नाही.

बक्षीस समारंभाला थोरली गेली. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण नवऱ्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि तो रजा टाकतो ही गोष्टच एवढी मोठी होती की नाही म्हणता येईना. दोघं मागच्या रांगेत बसली. लेखिका म्हणजे पोस्टात काम करणारी एक मध्यमवयीन, ठेंगणी बाई निघाली. तिनं भाषणात धाकटीचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या रांगेत भाऊजींनी सगळ्यात जोरात. थोरलीला परत तसंच आत काहीतरी कुरतडलं. गेलेलं नव्हतं ते. जाईल असं तिला आता वाटतही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत लेखिकेपाशी गेली. आपण कोण हे सांगितलं नाही.

"एक विचारायचं होतं. तबेल्याबाहेर जी उभी असते, मोठी भावजय. तिचं पुढे काय होतं?"

लेखिकेनं भुवया आक्रसल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न केला तिनं.

"अहो, खरं सांगू का? तिचा मी विचारच केला नाही," ती म्हणाली. "ती सुखात असेल की. का हो?"

"काही नाही. सहज."

बाहेर नवरा दोघांच्या छत्र्या हातात घेऊन उभा होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सुखात असेल."

त्यानं यावर जरा विचार केला. एखाद्या आकड्याचा करावा तसा. "पुराव्याशिवाय कसं सांगता येईल," तो म्हणाला. मग विचारलं, "बसनं जायचं की चालत?"

"चालत," थोरली म्हणाली. आणि अर्ध्या वाटेवर तिनं त्याला विचारलं, तो खरारा करणारा माणूस, त्याचं ते पान तीनदा वाचलं म्हणालात, तर त्यात नेमकं काय लिहिलं होतं? त्यानं ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, सरकारी पत्रकासारखं, एकाच सुरात, घर येईपर्यंत.